कय्युम फिटर आणि हृदय शिवायचे चिमटे

दिग्रसच्या जिनिंगमध्ये कय्युमभाईचा हात लागलेला, कापसातून सरकी काढायचा रेचा हंगामभर कुरकुरत नसे, असं लोक सांगत. मी काही ते पाहायला गेले नाही, कारण रुईचा कण नाकात गेला की मला शिंकांवर शिंका येतात. मी त्याला ओळखत होते ते आमच्या यवतमाळच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात. मी तिथे ऑपरेशन थिएटरची सिस्टर. कापसाची ती वाईट वर्षं होती. जिनिंगा अर्धा हंगाम बंद, आणि आमचे वॉर्ड विष प्यालेल्या माणसांनी भरलेले. हाताला काम नाही म्हणून हा फिटर एसटीनं यवतमाळला येऊन आमच्या खाटा, ट्रॉल्या आणि हत्यारं वाफेवर निर्जंतुक करायचं यंत्र दुरुस्त करू लागला.

माणूस बोलायला गोड आणि ऐकायला बहिरा. झालं तेवढं पुरे म्हटलं तरी हा आपला घासतोच आहे. रेच्यात चामड्याच्या रुळाला लागून एक सुरी असते. तिच्यावर जराशी खरखर राहिली तरी रुईचा धागा तुटतो आणि व्यापारी मालाला नाव ठेवतो. म्हणून जिनिंगच्या फिटरांचा नियमच आहे, कापसाला लागणाऱ्या लोखंडावर नख अडकता कामा नये. कय्युमभाई हा नियम सगळ्या जगाला लावायचा. त्यानं आमच्या बेडपॅनच्या कडासुद्धा घासून गुळगुळीत केल्या होत्या. मी म्हटलं, "कय्युमभाई, हिच्यावर कोण रुई पिंजणार आहे?" तर म्हणाला, "ताई, माणसाची चामडी रुईपेक्षा नाजूक असते."

त्याची बायको रशीदा. लहानपणी सांध्यांचा ताप येऊन तिच्या हृदयाची झडप आखडली होती. चार पायऱ्या चढली की ओठ निळे पडायचे, आणि झोपायचं तर उशांना टेकून बसल्या बसल्या. नवी झडप बसवण्यावाचून इलाज नव्हता. त्यासाठी नागपूरहून केळापुरे डॉक्टर महिन्यातून एका रविवारी यायचे. रशीदाला तारीख मिळाली तेव्हा कय्युमभाईनं सगळ्या स्टाफला पेढे वाटले.

झडप कशी बसवतात हे त्याला समजून घ्यायचं होतं. मी नमुन्याची एक झडप दाखवली. धातूची कडी, आत उघडझाप करणाऱ्या पाकळ्या, आणि कडीभोवती कापडाची कॉलर. वाकडी सुई आधी हृदयाच्या मांसातून घालायची, मग त्या कॉलरमधून. असे गोल टाके घालायचे आणि मग झडप खाली सरकवून गाठी मारायच्या. पण ही जागा हृदयाच्या पार मागे, खोल. तिथे बोटं पोचत नाहीत. म्हणून सुई धरायला लांब चिमटा लागतो. डॉक्टर त्याला नीडल होल्डर म्हणतात, कय्युमभाई चिमटाच म्हणायचा. असे लांब चिमटे आमच्याकडे दोन होते. अख्ख्या जिल्ह्यात दोन!

"हे तिच्या काळजापर्यंत जातात?" त्यानं विचारलं.

"जातात," मी म्हटलं.

त्यानं दोन्ही चिमट्यांच्या तोंडावरून नख फिरवून पाहिलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी वाफेच्या यंत्राचं दार गळायला लागलं. कय्युमभाई तिथेच होता, त्यानं ते सुधारून दिलं. धुतलेल्या हत्यारांचे ट्रे बाजूच्या टेबलावर होते. संध्याकाळी सगळं बांधून यंत्रात गेलं आणि मी निर्धास्त घरी गेले.

रविवारी सकाळी रशीदाला हिरवा गाऊन घालून थिएटरच्या दाराशी आणलं. ऑपरेशन तिचं, आणि ती मलाच धीर द्यायला लागली.

"सिस्टर, काई टेन्शन घेऊ नका. काल यायनं तुमचे ते लंबे चिमटे चांगले घासून देल्ले. लई खरखर होती म्हणत होते. माह्या काळजाले ओरखडा नाई पडला पाह्यजे म्हणून."

आत जाऊन मी ट्रे उघडला, चिमट्यात सुई धरली आणि जरा जोर दिला. सुई गर्रकन फिरली. दुसरा चिमटा घेतला. त्यातही तेच. चिमट्याच्या तोंडाला बारीक जाळीसारखे दात असतात, त्या दातांवरच सुई घट्ट बसते. कय्युमभाईनं ते दात पार पुसून टाकले होते. नख लावून पाहिलं, कुठेही अडकलं नाही.

केळापुरे डॉक्टर भडकले नाहीत, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. ते म्हणाले, "छाती उघडल्यावर सुई फिरली तर बाई टेबलावरच जाईल. मी हात घालणार नाही."

कय्युमभाई बाहेर बाकावर तसबीहचे मणी ओढत बसला होता. मी तावातावानं गेले आणि सगळं तोंडावर सांगितलं. आधी त्याला कळलंच नाही. मग कळलं. "म्या?" एवढंच म्हणाला. माझा राग तिथेच विरघळला. शिव्या तरी कुणाला द्यायच्या?

मग दिवसभर त्यानं जिवाचा आटापिटा केला. बारीक कानस आणून चिमट्याला पुन्हा दात पाडले. त्या खाचांत सुई तिरपी बसू लागली. डॉक्टरांनी स्पंजवर टाका घालून पाहिला आणि नकारार्थी मान हलवली. नागपूरला रशीदाचा भाऊ आसिम टॅक्सी चालवायचा. त्याला फोन केला. ऑपरेशनच्या हत्यारांचं दुकान रविवारचं बंद, तर त्यानं दुकानदाराला घरून उठवून आणलं आणि चिमटा घेऊन गाडी भरधाव यवतमाळला आणली. मी पुडकं उघडलं. चिमटा चांगला होता, पण आखूड, पोटाच्या ऑपरेशनचा. घाईत दुकानदारानं हाती लागेल तो दिला होता. कय्युमभाई डॉक्टरांच्या पायाशी बसला.

"साहेब, माहे हात तोडा, पण तिचं करून टाका. बोटानं धरून नाई का शिवता येत?"

डॉक्टरांनी त्याला उठवलं. "पुढच्या वेळी मी माझा सेट घेऊन येतो. पहिलं ऑपरेशन हिचंच. आणि एक ऐका, हिला काही सांगू नका. धक्का झेपणार नाही. चिमटे बिघडले एवढंच सांगा. बाकीचं काय ते ऑपरेशन झाल्यावर सांगा."

रशीदा गाऊन उतरवून दिग्रसला परत गेली. जाताना माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "होते कधी कधी असं."

डॉक्टरांचा पुढच्या महिन्यातला रविवार तिला दिसला नाही. फुफ्फुसांत पाणी भरलं आणि ती गेली.

मी भेटायला दिग्रसला गेले. अंगणात सतरंजीवर माणसं बसली होती. कुणीतरी म्हणालं, अल्लाची मर्जी. कय्युमभाई चढ्या आवाजात म्हणाला, "त्याच्यावर कायले लोटता? हे माह्या हातानं झालं." मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, "आणि सगळ्या जिल्ह्याचा जीव दोन चिमट्यांवर टांगून ठेवणाऱ्यांच्या हातानं काहीच झालं नाही का?"

"त्यायची चूक मोठी काढल्यानं माही लहान होते काय, ताई?"

लोक उठून गेल्यावर मी विचारलं, "तिला शेवटपर्यंत कळलं नाही ना?"

"नाई. शेवटच्या दिवशी मले जवळ बोलावलं. म्हणे, तुम्ही एवढ्या मेहनतीनं घासून देल्ले अन् त्या लोकायनं एका दिवसात बिघडवले. पुढच्या टायमाले हत्यारं कोणाच्या हातात देऊ नका. तुम्ही सोता तिथं उभे राहा. तुम्ही असले तं मले भेव नाई."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, राह्यतो."