तंबोऱ्याला लावलेला कान

माझ्या थोरलीला घास गालात धरून बसायची खोड होती. चार वर्षांची पोर, पण तिचं जेवण म्हणजे माझं ओरडणं, आणि ते आमच्या सगळ्या दाना ओली मोहल्ल्याला ऐकू जायचं. यजमान दरबारच्या कामानं कायम दौऱ्यावर, कडेवर दात येणारा किरकिरा धाकटा. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर. माहेरी त्याचं कौतुक झालं, सासरी तो पोरीच्या वाट्याला आला.

एका दुपारी तासभर धरलेला घास तिनं माझ्या पदरावर थुंकला आणि मी तिच्या डाव्या कानशिलात लगावली. ती रडली नाही. कानावर हात धरून कोठीच्या दाराआड जाऊन बसली.

संध्याकाळी हाक मारली, तिनं ओ दिली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मागून जाऊन थाळी वाजवून बघावी असं दहादा मनात आलं, पण धीर झाला नाही. नाहीच ऐकू आलं तर? पोरीला मी बहिरी केली, असंच मी धरून चालले.

चौथ्या दिवशी सासरे उज्जैनहून परतले. आमच्याकडे सून सासऱ्यांशी थेट बोलत नसे. "आजोबांना सांग, पान वाढलंय," असे सगळे निरोप थोरलीमार्फत जायचे. आता निरोप्याच मुका. शेवटी मी दाराच्या चौकटीकडे बघत, लग्नानंतर पहिल्यांदा, त्यांच्याशी बोलले. सगळं सांगितलं, लपवलं काही नाही.

ते रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "तंबोरा लाव."

माहेरी शिकलेलं गाणं बोहल्यावरच सुटलं होतं. तंबोरा त्यांचा, गवसणीतून मी फक्त धूळ झटकण्यापुरता काढायची. वाटलं, पोरीचा कान तपासायचा असेल. घाईघाईनं खुंटी पिळली आणि तार तुटली.

"पोरीसाठी नाही म्हणत मी, सूनबाई. तुझ्यासाठी म्हणतोय," ते म्हणाले. नवी तार पुढे ठेवली आणि मला भीड वाटू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून बसले.

सूर सापडेना. पुन्हा पुन्हा लावत गेले. कधीतरी जबडा सैल पडला, खांदे खाली आले. चारी तारा जुळल्या तेव्हा मी खालच्या षड्जाला आवाज लावला. सहा वर्षांनी.

थोडा वेळ गेला. कोठीचं दार हललं. पोर आली, तंबोऱ्याच्या भोपळ्याशी बसली आणि तिनं त्याला कान टेकला. डावा कान. तार मंदावली तशी तिनं मान उचलून बघितलं, मी पुन्हा छेडली तशी टेकवली. तिला ऐकू येत होतं. चारही दिवस येत होतं.

मग ती आजोबांच्या पाठीकडे वळली. माझ्याकडे न बघता, मोहल्ल्यातल्या पोरांच्या हिंदीत म्हणाली, "आजोबा, आईला विचारा, अब तो नहीं मारेगी?"

घरात ज्याचा धाक वाटतो त्याच्याशी असं बोलायचं, हे ती माझ्याकडूनच शिकली होती.

सासऱ्यांनी मला काही विचारलं नाही. ते उठून बाहेर गेले. मी तारा छेडत राहिले, कारण हात थांबला असता तर रडू फुटलं असतं. आवाज खाली आहे याची खात्री झाल्यावर मी तिलाच म्हणाले, "नाही मारणार."

ती पुन्हा भोपळ्याकडे वळली. तंबोऱ्याला कान लावून माझा आवाज ऐकत राहिली.