मी न लिहिलेलं पत्र

चंडीगडमध्ये पंजाबातल्या दहशतवादाच्या त्या वर्षांत संध्याकाळी कोणी बाहेर जेवायला जात नसे. अंधार पडायच्या आत दुकानांची शटरं खाली यायची, आणि नाक्यानाक्यावर स्कूटरची डिकी उघडून दाखवावी लागायची. म्हणून जपानी प्राध्यापकांनी आम्हां नवराबायकोला जेवायला बोलावलं ते रविवारी दुपारी.

मी तिथल्या एका वैद्यकीय संस्थेत रक्तातल्या प्रथिनांवर काम करत होते. नवरा हवाई दलात, बदली होऊन आलेला. प्राध्यापक आमच्या प्रयोगशाळेत दोन आठवडे होते आणि परत निघाले होते.

आदल्या वर्षी त्यांच्याच जपानमधल्या प्रयोगशाळेत दोन वर्षं काम करायला मिळावं म्हणून मी अर्ज केला होता. पत्ता घरचा दिला होता, कारण संस्थेच्या टपालात पत्रं हरवायची. उत्तर आलंच नाही. मी सहा महिने पोस्टमनची वाट पाहिली. "अगं, एवढ्या लांबून कोण उत्तर देतं? सोड आता," असं म्हणून नवऱ्याने एकदा गरम जिलब्याही आणल्या होत्या. आता प्राध्यापक समोर असूनही मला विचारायची लाज वाटत होती. नाकारलेल्या माणसाने पुन्हा कशाला तो विषय काढायचा?

रेस्टॉरंट म्हणजे मार्केटमधल्या एका जिन्यावरची खोली. मालक सरदारजी. दहा वर्षं जपानमधल्या हॉटेलांत स्वयंपाक करून आलेले. इंडस्ट्रियल एरियातल्या कारखान्यांत जपानी इंजिनिअर येत, त्यांच्या जिवावर त्यांनी हे धाडस केलं होतं. भिंती पांढऱ्याफेक, देवाचा फोटो नाही की कॅलेंडर नाही. एक लांब लाकडी फळी, आठ स्टुलं, आणि फळीपलीकडे आपल्या डोळ्यांदेखत सगळं शिजणार. मला ती जागा फार आवडली. इतकं नेटकं, मोकळं काही मी चंडीगडमध्ये पाहिलं नव्हतं.

"मैडम जी, मच्छी दिल्ली से आती है, आज आई नहीं," सरदारजी म्हणाले. "सब्ज़ी का खिलाता हूँ."

त्यांनी फ्लॉवरचे तुरे आणि रताळ्याच्या चकत्या पातळ पिठात बुडवून तळल्या. आपल्या भज्यांसारख्याच, पण तोंडात घातल्या की विरघळणाऱ्या. सोबत चिकट भात आणि सोयाबीनचं खारट सार. प्राध्यापकांनी मला काड्या धरायला शिकवल्या. माझ्या हातून भात दोनदा सांडला तेव्हा नवरा मोठ्याने हसला. तो काट्यानेच खात होता.

मग प्राध्यापकांनी काड्या खाली ठेवल्या आणि इंग्रजीत हळूच विचारलं, "तुमच्या सासूबाईंची तब्येत आता कशी आहे? तुम्हांला येता येणार नाही असं पत्र आलं, तेव्हा आम्हां सगळ्यांना वाईट वाटलं. पण अर्धांगवायू झालेल्या माणसाला सोडून कसं निघणार? घरचा विषय, म्हणून मी इतके दिवस विचारलं नाही."

माझ्या सासूबाई साताऱ्याला होत्या. त्या उन्हाळ्यात त्यांनी गच्चीवर उन्हात बसून आम्हांला पाठवायला कुरडया घातल्या होत्या.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो रताळ्याच्या चकतीचे काट्याने तुकडे करत होता. आणखी बारीक, आणखी बारीक. मान वर केली नाही.

"आता बऱ्या आहेत," मी म्हणाले. "चालतात थोड्या."

हे मी का म्हणाले ते आजही नीट सांगता येत नाही. परक्या माणसासमोर नवऱ्याची लाज झाकायची सवय, दुसरं काय! प्राध्यापकांनी समाधानाने मान हलवली. मी उरलेला भात संपवला. चव लागली नाही.

खाली स्कूटरपाशी आल्यावर मी विचारलं, "त्यांचं उत्तर घरी आलं होतं? आणि माझ्या नावाने तुम्ही नकार लिहिलात?"

"हो."

"सहीसुद्धा?"

तो किल्ली बोटाभोवती फिरवत राहिला. "तेव्हा बसमधून माणसं उतरवून मारत होते. तू दिल्लीपर्यंत तरी कशी गेली असतीस? आणि तिकडे दोन वर्षं एकटी..."

"मग मला तोंडावर म्हणायचं होतंत, जाऊ नकोस."

"ऐकलं असतंस?"

"नाही."

"म्हणूनच," तो म्हणाला. जणू इथे हिशोब पुरा झाला.

मी त्याच्या मागे बसले नाही. तीन सेक्टर चालत घरी गेले. भीतीपोटी त्याने केलं असेल, हे मला वाटेतच समजलं होतं. पण सहा महिने मी दाराशी पोस्टमनला विचारत असे तेव्हा तो आत पेपर वाचत असे, हे काही केल्या गिळता येईना. आणि त्या जिलब्या!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेस्ट हाउसवर गेले आणि प्राध्यापकांना खरं सांगितलं. ते म्हणाले, ती जागा दुसऱ्या कोणाला दिली आहे, आणि आता नवी जागा नाही. जिन्यापर्यंत पोचवायला आले आणि कमरेत वाकले. महिनाभराने त्यांनी त्या पत्राची झेरॉक्स मला संस्थेच्या पत्त्यावर पाठवली. हवाई दलाच्या ऑफिसातल्या टाइपरायटरवर टंकलेलं, अतिशय विनम्र इंग्रजी. खाली माझी सही. सहीखाली मी ओढते त्या रेघेसकट हुबेहूब.

मी नवऱ्याला सोडलं नाही. लोक आजही विचारतील, का? आईवडील, नातेवाईक, ते दिवस, सगळी उत्तरं खरी आहेत आणि एकही पुरं नाही. टपाल कचेरीत मी माझ्या नावाची पेटी घेतली आणि तिची किल्ली माझ्याकडे ठेवली. पुढे पुण्याला बदली झाली तिथेही घेतली. त्याने कधी कारण विचारलं नाही. आम्ही चांगले राहिलो, एकमेकांची दुखणी काढली. पण तो मला काही चांगली बातमी सांगायला आला, की मी आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघते आणि मग ऐकते.