पाठराखीण मावशीची तक्रार

पाठराखीण मावशी कधी कुणाच्या पुढे चालली नाही. मुलगी पुढे, ही दोन पावलं मागे. "पुढं चालणाऱ्याले मागचं दिसत नाही," म्हणायची. देऊळगाव राजात कुणाची लेक सासरी निघाली की सोबतीला हिला बोलावणं यायचं. मावशी विधवा, मागंपुढं कुणी नाही. अंगानं काटकुळी, पण आवाज असा की बाजाराच्या एका टोकाला बोलली तर दुसऱ्या टोकाची माणसं वळून बघत.

निघण्याआधी ती मुलीकडून पाठ करून घ्यायची: स्वतःचं नाव, बापाचं, सासऱ्याचं, गाव, तालुका, उतरायचं ठेसन. लिहिता-वाचता न येणाऱ्या मुली ते पाढ्यांसारखं म्हणत. "हरवली तं कोणाची म्हणून सांगशीन?" असं ती विचारायची. वाटेत पाण्याशिवाय काही घेत नसे. मुलगी सासूच्या हाती सोपवली की मगच तिचा पहिला घास.

तेव्हा आमचं वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं. आगगाडीसाठी जालन्याला जावं लागे, आणि वाटेतला नाला ओलांडला की निजामाची मोगलाई. दुसरं राज्य, दुसरे पोलीस. हद्दीवर, नाल्यापलीकडे, त्यांचा जकातीचा नाका होता. तिथं सर्व्हिस मोटार थांबायची, गाठोडी उघडली जायची.

माझ्या मोठेबाबांची, म्हणजे थोरल्या काकांची, मुलगी सखूअक्का तेव्हा वीस वर्षांची होती. बाळंतपण फसल्यावर वर्षभर माहेरी राहून परभणीकडे सासरी परत निघाली होती. मी बारा वर्षांची, हट्टानं बरोबर गेले. नाक्यावर जमादारानं अक्काची पेटी पाहिली, मग म्हणाला की अंगावर चोरटं सोनं आहे का ते बघायचंय, आत चला. मावशी म्हणाली, मीही येते. शिपायानं तिच्यापुढे हात आडवा धरला आणि दार लागलं.

मावशीनं ते दार दोन्ही हातांनी बडवलं. मोटारीत सोळा-सतरा पुरुष होते. कुणी पेटीची दोरी आवळत होता, कुणी तंबाखू मळत होता. एकही खाली उतरला नाही. दार उघडलं तेव्हा अक्काची बाही खांद्यापासून फाटलेली होती. मोटारवाल्यानं भोंगा वाजवला. मावशीनं आमचं सामान खाली ओढलं, आणि मोटार गेली.

दोन कोस चालत आम्ही मोगलाईतल्या पोलीस चौकीवर पोचलो. हवालदारानं पहिल्यांदा विचारलं, बरोबर पुरुषमाणूस कोण? मग अक्काला विचारायला लागला, कुठं हात लावला, किती वेळ, आणि एवढे दागिने घालून निघालीच कशाला? बाकावरचे दोघे कान देऊन ऐकत होते. मावशी अक्काच्या पुढे येऊन उभी राहिली.

"आधी लिहाले घ्या," ती म्हणाली. "मंग सांगते."

त्यानं लिहायला घेतलं नाही. बाई वऱ्हाडातली आहे, तक्रार वऱ्हाडात द्या, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मावशी आम्हाला आमच्याकडच्या ठाण्यात घेऊन गेली. फौजदार सभ्य होता. त्यानं बसायला दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की आमची हद्द नाल्यापर्यंत, पलीकडचं आम्हाला घेता येत नाही.

"मंग नाल्याच्या पल्याड हे पोरगी कोणाची?" मावशीनं विचारलं. फौजदार खाली बघून कागद सारखे करत राहिला.

मोठेबाबांनी घरी मावशीला हात जोडले. आता गप्प राहा, सासरी कळेल. पण सासरी कळलंच. मोटारीतल्या माणसांनी खाली उतरायची हिंमत केली नव्हती, गावोगाव सांगायला मात्र त्यांना जड गेलं नाही. अक्काला न्यायला कुणी आलं नाही. ती आमच्या स्वयंपाकघरात राहिली. विहिरीवरसुद्धा जाईना.

मावशीला बोलावणं येणं थांबलं. झालं ते झालं, पण तिनं बोभाटा केला, असं बायकासुद्धा म्हणत. मावशी लोकांची दळणं दळायला लागली. सकाळी मात्र जालन्याची मोटार सुटायच्या आधी अड्ड्यावर जायची आणि मोटारीत बसलेल्या प्रत्येक बाईला सांगायची, नाक्यावर एकटी आत जाऊ नको, दुसरीचा हात सोडू नको. मोटारवाले तिला हाकलत. काही बाया तोंड फिरवत.

पुढे मी मुलींच्या शाळेत शिकवू लागले. मावशी तेव्हा अंथरुणाला खिळली होती. एकदा भेटायला गेले तर म्हणाली, "तुले लिहिता येते ना? मंग लिही." अकरा वर्षांपूर्वीची ती दुपार तिनं पहिल्यापासून सांगितली. अक्काचं नाव घालू दिलं नाही. खाली स्वतःचा अंगठा उठवला. अर्ज मी वरच्या कचेरीत धाडला. उत्तर आलं: अर्जदारानं जबानीसाठी समक्ष हजर व्हावं. मावशीला जाऊन तेव्हा नऊ दिवस झाले होते.

मी ते उत्तर घरी वाचून दाखवलं आणि म्हणाले, मी जाते, मी तिथं होते. चुलीपुढून अक्का उठली. "थांब," म्हणाली. "मी येते."

त्या अर्जाचं पुढे काही झालं नाही. तो जमादार कुठं गेला तेही कळलं नाही. पण त्या दिवशी कचेरीत अक्का कारकुनासमोर बसली आणि पदर सारखा करत, थांबत थांबत सगळं बोलली. अकरा वर्षांत मी तिच्या तोंडून यातलं अक्षर ऐकलं नव्हतं. कारकुनानं लिहिलेलं वाचून दाखवलं: नाक्यावर स्त्रीची झडती घेण्यात आली.

"ते झडती नव्हती," अक्का म्हणाली.

त्यानं वर पाहिलं. मग तो शब्द खोडला, टाक दौतीत बुडवला आणि विचारलं, "मग काय लिहू, बाई?"

अक्कानं त्याला सांगितलं. त्यानं ते लिहिलं.