कुणाच्या हाताचा गुण
फिनेलचा वास आला की मला पापलेट आठवतं. दुसऱ्या महायुद्धाआधी आमच्या थळ गावच्या दोन डॉक्टरांनी आपापले दवाखाने मोडून एकच दवाखाना थाटला, आणि त्याच वर्षी मला मुदतीचा ताप आला. सकाळी एक डॉक्टर नाडी बघायचे, संध्याकाळी दुसरे. ज्याच्या हाताचा गुण आला त्याला ताजा मासा द्यायचा, ही आमच्या कोळीवाड्याची रीत. ताप उतरल्यावर आई पापलेट घेऊन गेली आणि दारातच अडली. "गुन कुनाच्या हाताचा?" दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. "आवं, पोर पुन्हा आजारी पडला तर हाक कुनाला मारू?" फिनेलने पुसलेल्या त्या दवाखान्यात पापलेट औषधांच्या बाटल्यांशेजारी ठेवून ती रडवेली होऊन परतली. आज इस्पितळात माझ्या खाटेभोवती डॉक्टरांचा घोळका जमतो, आणि मीही गोंधळून नुसते त्यांचे हात बघत राहतो.