कंबर आत, योगिनी!

"कंबर आत, योगिनी! कंबर!"

१९९८च्या उन्हाळ्यात नाशिक रोडच्या मैदानावर बास्केटबॉल कोचची ही हाक इतकी घुमायची, की कुंपणापलीकडचा भेळवालासुद्धा कांदा चिरता चिरता ती म्हणायचा.

योगिनीचं घर मखमलाबादला, झेंडूच्या मळ्यात. फुलबाजाराच्या गर्दीत पाटी घेऊन घुसायचं म्हणजे कमरेनं वाट काढायची, ही तिची लहानपणापासूनची सवय. बास्केटबॉलमध्ये तीच नडत होती. तिचं काम स्क्रीन लावायचं. म्हणजे आपली खेळाडू चेंडू घेऊन निघाली, की तिला अडवायला येणारीच्या वाटेत खांबासारखं उभं राहायचं. नुसतं उभं! पण समोरची जवळ आली, की योगिनीची कंबर बाहेर. शिट्टी. फाउल.

"उद्या जिल्ह्याची निवड," कोच साधनाताई म्हणाल्या. "शेवटची जागा तुझी, नाहीतर मनीषाची. असा एक जरी फाउल झाला तर मनीषा."

"ताई, त्याच येऊन धडकतात!"

"धडकू दे. तू आधी पोच. पाय रोव, हात छातीशी. ती पाठमोरी असेल तर एक पाऊल जागा सोड, तिला थांबता आलं पाहिजे. तरी घुसली तर चूक तिची."

दुसऱ्या दिवशी पहाटे योगिनीची आई, सिंधुबाई, फुलबाजारात गोणपाट अंथरून बसली होती, योगिनी शेजारी. शेजारच्या मळ्यातली साळूबाई पाटी घेऊन आली.

"सरक गं सिंधे, ही माझी रोजची जागा हाय!"

"रोजची आसंल. आज मी आधी आले."

साळूबाईनं गुडघ्यानं ढोसलं. आई सरकली नाही, तिनं हातही उचलला नाही. मांडीत हात घेऊन बसून राहिली. साळूबाईचाच तोल गेला, पाटी कलंडली.

"ढकललंस मला!"

"म्या? समद्यांनी पाह्यलं, मी हालले बी नाय."

फुलं वेचायला योगिनी वाकली, पण नजर आईच्या हातांवर.

संध्याकाळी निवडीचा सामना. मनीषा समोरच्या संघात. शेवटच्या मिनिटाला ती योगिनीच्या संघातल्या चेंडूवालीला अडवत उलट्या पावली मागे येत होती. योगिनी धावत जाऊन तिच्या मागे उभी राहिली, मोजून एक पाऊल सोडून. हात छातीशी. कंबर निघालीच होती. तिनं मनात गोणपाट अंथरलं.

मनीषानं वळून पाहिलं. थांबायला जागा होती. तरी खांदा घातला आणि स्वतःच आपटली. शिट्टी!

"सर, हिनं ढकललं!"

"ती हललीसुद्धा नाही," पंच ललित सर म्हणाले. "फाउल तुझा."

साधनाताईंनी कागदावर शेवटचं नाव लिहिलं. योगिनी.

घरी आईनं विचारलं, "लय पळाली आसशील?"

"नाही गं. एका जागी उभी राहिले, म्हणून निवडलं."

आई हसली. "मग उद्या जरा लवकर ऊठ. साळूबाई चारलाच येऊन बसंल."