'नाही'वर लावलेले पैसे

आष्टीच्या एसटी स्टँडसमोर मी ज्याच्याकडं दाढी करायचो, त्याचं नाव कधी विचारलं नाही. हात चालता चालता तो मध्येच थांबून मोबाइल बघायचा. भारत जिंकणार का, 'हो' की 'नाही', अशा प्रश्नांवर पैसे लावायचं ॲप होतं त्यात. मग सरकारनं बंदी आणली आणि ते बंद झालं.

"बरं झालं, सुटलात," मी म्हणालो.

त्यानं पुसलेला वस्तरा पुन्हा पुसला.

"शेवटच्या म्याचला मी 'नाही'वर लावलं व्हतं. आपली इकेट पडली अन् मी हासलो. बाजूला माझी पोरगी रडत व्हती. तिनं माझ्याकडं बघितलं."

"मग?"

"आता मी टीव्हीवर म्याच लावली की ती उठून आत जाती."

त्यानं माझी हनुवटी हलकेच वर केली.