नोझिबेलेचा गुरुवार

बिशप न्ग्वाबेंचा राग आला तेव्हा नोझिबेले स्वतःच घाबरली. त्या माणसाचा राग यायचा कसा? काळ्यांनी चर्चात मागच्याच बाकांवर बसायचं ही रीत मोडायला ते निघाले, तेव्हा त्यांच्या मागे ज्या मोजक्या बाया होत्या त्यांत ती होती. पोलिसांच्या कुत्र्याने पोटरी फाडली तरी ती हटली नव्हती.

आता गोऱ्या-काळ्या सगळ्यांनी मिळून पहिल्यांदा मतदान केल्याला वर्ष लोटलं होतं, गोऱ्यांचं राज्य गेलं होतं, आणि बिशपांनी जाहीर केलं होतं की चर्चात गोऱ्या बायांचा आणि काळ्या बायांचा असे दोन मातृसंघ नकोत. एकच संघ, आणि तो काळ्यांच्या वस्तीतल्या चर्चात, गुरुवारी.

नेमका गुरुवार! पेडीकडच्या खेड्यातून ती पोरसवदा वयात शहरात आली, ती गोऱ्या कॉलिंगवुड मॅडमच्या घरी, कामाला. मॅडमची मुलं तिने अंगाखांद्यावर वाढवली, स्वतःची खेड्यात आईकडे ठेवून. आठवड्यात तिचा म्हणावा असा वेळ एकच, गुरुवारची दुपार. संघाचं पांढरं जाकीट आणि काळा स्कर्ट घालून कामवाल्या बाया चर्चात चटईवर जमायच्या, एकेकीने उठून देवापुढे मन मोकळं करायचं. आता खरं सांगायचं तर देवाच्या कानावर निम्म्या कागाळ्या मॅडम लोकांच्याच जायच्या. कुणाची साखरेच्या डब्याला कुलूप लावते, कुणाची शिळंपाकं पुढे करते. याच चटईवर नोझिबेले लुवुयोसाठी रडायची. तो तिचा धाकटा. तो खेड्यात तापाने फणफणला होता, आणि इकडे मॅडमकडे पाहुणे होते म्हणून तिला सोडलं नाही. ती पोचली तेव्हा अंगणात बायका रडत बसल्या होत्या.

"मॅडमच येऊन बसल्या तर आपण बोलायचं काय गं?" तिची मैत्रीण फुमला म्हणाली. "पावसापाण्याचं?"

नोझिबेले बिशपांकडे गेली. "ताता, एवढा एक दिवस आमचा आम्हाला राहू द्या ना."

"बाई, याच्यासाठीच आपण कुत्र्यांपुढे उभे राहिलो होतो ना?"

"कुत्र्यांचं सोपं होतं, ताता. ती समोरून चावत होती."

बिशप हसले, पण ऐकलं नाही. ते चुकतात म्हणावं तर मन धजेना, बरोबर म्हणावं तर पटेना. आपणच कोत्या मनाच्या आहोत की काय, हे तिला कळेना.

गुरुवारी मॅडम केक घेऊन आल्या. बिशपही मुद्दाम आले होते. मॅडम गुडघे सांभाळत चटईवर बसू लागल्या तशी नोझिबेले सवयीने उशी आणायला उठली. फुमलाने तिला स्कर्ट धरून खाली ओढलं.

"बस की! सुट्टी आहे तुझी."

प्रार्थनेची पाळी आली. देवाचे आभार मानून खाली बसायचं, असं तिने पक्कं ठरवलं होतं. पण ती उभी राहिली आणि तोंडातून लुवुयोच निघाला. तो ताप, ते पाहुणे, ते अंगण, सगळं तिने आपल्या खोसा भाषेत सांगितलं. बाया हुंदके देऊ लागल्या. मॅडमना कळलं ते फक्त नाव.

"लुवुयो? तिचा वारलेला मुलगा ना? काय म्हणाली ती?" त्यांनी बिशपांना विचारलं.

बंदुकीपुढे न अडखळलेला तो माणूस खाली बघू लागला. हे आता काहीतरी गोडगोड सांगून वेळ मारून नेणार, असं नोझिबेलेला वाटलं, आणि ते तिला सोसवेना.

"राहू द्या ताता, मीच सांगते," ती म्हणाली आणि मॅडमच्या भाषेत सगळं पुन्हा सांगितलं.

मॅडमचा चेहरा उतरला. "पण नोझी, तो इतका आजारी आहे, हे तू मला बोललीच नव्हतीस."

"बोलले होते. तुम्ही टेबल मांडत होतात. म्हणालात, पाहुणे गेले की जा."

मॅडम रडू लागल्या. इतकी वर्षं नोझिबेलेला वाटायचं, हे एकदा तोंडावर बोललं की छाती हलकी होईल. तसं काही झालं नाही. उलट मॅडमना रुमाल द्यावा म्हणून तिचा हात खिशाकडे गेला, आणि त्या हाताचाच तिला संताप आला. कीव म्हणावी की सवय?

"तू मला माफ करशील?" मॅडमनी विचारलं.

बिशप मोठ्या आशेने तिच्याकडे बघत होते. त्यांचा तो चेहरा बघून तरी हो म्हणावं, असं तिला क्षणभर वाटलं.

"मला ठाऊक नाही, मॅडम," ती म्हणाली.

"बरं. आपण घरी बोलू निवांत." मॅडम पर्स घेऊन उठल्या.

"घरी नको," नोझिबेले म्हणाली. "घरी मी कामावर असते. हे विचारायचं असेल तर पुढच्या गुरुवारी इथे या."